तिला काम काय सांगितलं होतं?

प्रश्न थोडक्यात असा आला: "मराठीत क्राइम थ्रिलर लिहितेय. नायिका मुंबईची, तिशीतली, सुपारी घेऊन माणसं उडवणारी. एका बिल्डरच्या पार्टनरची वीस पेटीची (वीस लाखांची) सुपारी ती घेते, काम करते आणि उरलेले पैसे आणायला जाते, तर तिथे तिचाच गेम वाजवायला माणसं उभी असतात. ती निसटते आणि एकेकाला गाठते. हे खरं वाटेल का? पोलीस तिच्यापर्यंत कसे पोचतील? आणि कायद्याच्या चौकटीत राहून तिला सूड घेता येईल का?"

तिसऱ्याचं उत्तर 'हो' आहे. मला विचाराल तर तुमची कादंबरी तिथेच आहे. पण आधी पहिल्या दोनांकडे बघू.

मी २७ वर्षं मुंबई आणि ठाण्याच्या सेशन्स कोर्टांत फौजदारी वकिली करतेय, बहुतेक वेळा आरोपीकडून. सुपारीच्या खटल्यांत गोळी झाडणाऱ्याचं वकीलपत्र घेतलंय, पैसे दिल्याचा आरोप असलेल्याचंही घेतलंय. एकाच खटल्यात दोघांचं मात्र कधीच घेतलं नाही. घेताच येत नाही. पहिल्या रिमांडपासूनच त्या दोघांचे रस्ते वेगळे होतात.

'सुपारी' या शब्दाची कुळकथा सांगताना लोक अवघड कामाचा विडा दरबारात ठेवणाऱ्या माहीमच्या भीम राजापर्यंत जातात. खरं-खोटं तो राजा जाणे. पण विजापूरच्या दरबारात अफजलखानाने विडा उचलला, हे आपण पोवाड्यांतून आणि शाळेच्या पुस्तकातून ऐकत आलोय. त्या विड्यातली एक गोष्ट तुमच्या कामाची आहे. तो भर दरबारात ठेवला जायचा. कोणी ठेवला, कोणी उचलला, सगळ्यांना दिसायचं. आजच्या सुपारीत उचलणारा दिसतो आणि ठेवणारा दिसत नाही. देणारा पैसे मोजतो ते याच गोष्टीचे.

म्हणून तुमचा मध्यबिंदू मला पटला नाही. उरलेले पैसे द्यायच्या जागी मारेकरी उभे करणं हे देणाऱ्याला फार महाग पडतं. एक मुडदा झाकायला दुसरा पाडायचा म्हणजे आणखी दोन पंटर, आणखी दोन तोंडं, आणखी दोघांचे पैसे. शिवाय तुमची नायिका निसटली, तशी ती निसटूही शकते. त्यापेक्षा एक फोन स्वस्त पडतो. "अमुक गल्लीत, अमुक लॉजवर, पिवळ्या कुर्त्यातली बाई, बॅगेत घोडा आहे." बस. टीप देणाऱ्याचं नाव रेकॉर्डवर येत नाही. पोलिसांना आरोपी मिळतो, हत्यार मिळतं, पेपरात फोटो येतो. आणि वीस पेटीतले राहिलेले पंधरा वाचतात ते वेगळंच. त्यांच्यासाठी ती कोर्टातही जाऊ शकत नाही. भारतीय करार अधिनियम १८७२, कलम २३: उद्देशच बेकायदा असेल तर करार रद्दबातल. ज्युनिअर असताना आमच्या बाररूममध्ये यावर एक विनोद चालायचा, की सुपारीचा धंदा हा देशातला सगळ्यात विश्वासावर चालणारा धंदा आहे, कारण त्यात दावा लावायची सोयच नाही.

आता ती पकडली गेली. साहजिक ती म्हणणार, "मला पाठवलं त्याचं नाव सांगते." सांगू दे. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब पुराव्यात येत नाही. जुन्या पुरावा कायद्याचं कलम २५ आणि २६, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३. तिने पोलीस ठाण्यात दहा पानं भरून देणाऱ्याची कुंडली मांडली तरी कोर्टात त्या पानांची किंमत रद्दीइतकी. (मोक्का, म्हणजे महाराष्ट्राचा संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा, लागला तर चित्र बदलतं. तिथे पोलीस अधीक्षक किंवा शहरात डीसीपी दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरची कबुली चालते. पण मोक्काला टोळी लागते, आणि मागच्या दहा वर्षांत एकाहून जास्त चार्जशीटं लागतात. एकटी काम करणारी, आजवर न पकडली गेलेली तुमची नायिका त्यात सहज बसत नाही. भारतीय दंड संहितेच्या जागी आलेल्या नव्या न्याय संहितेच्या कलम १११ मध्ये संघटित गुन्हेगारीच्या व्याख्येत सुपारी घेऊन केलेली हत्या नावानिशी आलीय, पण तिथेही तीच अट आहे.)

तिच्या तोंडून निघालेलं जे थोडंफार कोर्टात येतं, ते तिच्याच विरुद्ध येतं. "पिस्तूल कुठे टाकलं ते दाखवते" हे वाक्य. जुनं कलम २७, वकिलांचं लाडकं. ते प्रत्यक्षात कसं घडतं ते सांगते, कारण कादंबऱ्यांत हा प्रसंग कोणी नीट लिहीत नाही.

दोन पंच, म्हणजे पोलिसांशी संबंध नसलेले साक्षीदार, बोलावतात. आरोपीचं निवेदन तिच्याच शब्दांत लिहितात, त्यावर तिची, पंचांची, अधिकाऱ्याची सही. मग सगळे जीपमध्ये. रस्ता आरोपीने सांगायचा: डावीकडे घ्या, पुलाखाली थांबवा. ती पुढे चालते, मागे पंच, त्यांच्या मागे पोलीस. ती झुडुपात हात घालते आणि प्लास्टिकची पिशवी काढते. पिशवीत टॉवेल, टॉवेलात पिस्तूल. तिथेच कागद मांडून वर्णन लिहायचं, पाकिटात घालायचं, लाखेचं सील मारायचं, पंचांच्या सह्यांचं लेबल चिकटवायचं. मग ते पाकीट कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातं. लाख ओतताना वाऱ्याने मेणबत्ती विझते आणि एखादा शिपाई हाताचा आडोसा करून उभा राहतो, एवढं जरी लिहिलंत तरी वाचणारा पोलीसवाला मान डोलावेल.

माझ्या एका जुन्या खटल्यात अशाच एका पंचाला मी उलटतपासात विचारलं, "आजवर किती पंचनाम्यांवर सह्या केल्यात?" त्याने शांतपणे बोटं मोजली आणि म्हणाला, "याच ठाण्यात ना? अकरा." न्यायाधीशांनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. माझं अर्धं काम तिथेच झालं.

त्या निवेदनातलंही सगळं वाचता येत नाही. १९४६ साली प्रिव्ही कौन्सिलने, तेव्हाच्या सर्वात वरच्या कोर्टाने, पुलुकुरी कोटय्याच्या खटल्यात रेघ आखून दिली, ती आजही तशीच आहे. "लपवलेला सुरा काढून देतो" एवढं चालतं, "ज्याने मी भोसकलं तो" हे शब्द गाळायचे. म्हणजे वस्तू कुठे आहे हे तिला माहीत होतं, एवढंच सिद्ध होतं. देणाऱ्याबद्दल तिने त्याच दमात काही सांगितलं असेल, तर तेही गळतं.

आता बघा काय झालं. हत्यार तिच्या बॅगेत किंवा तिने दाखवलेल्या जागी. सीसीटीव्हीत ती. घटनास्थळाच्या टॉवरवर तिचा फोन. देणारा मात्र कुठेच नाही. दगा देण्यासाठी त्याला वेगळं काही करावंच लागलं नाही, कामाची मांडणीच तशी होती.

इथवरचा दगा पैशाचा आणि जिवाचा झाला. त्याहून खोल एक दगा असतो. माझ्यासमोर सुपारीच्या खटल्यांत ज्या बायका आरोपी म्हणून आल्या, त्यांतल्या फार थोड्यांनी स्वतः हत्यार चालवलं होतं. बहुतेक 'बोलवून घेणाऱ्या' होत्या. "तू फक्त त्याला फोन करून हायवेवरच्या ढाब्यावर बोलव. पोरं दोन थपडा मारतील, पैसे वसूल करतील, संपलं." ती बोलावते, आणि पोरं थपडा मारत नाहीत. पकडली गेल्यावर तिचं एकच वाक्य असतं: "मला हे सांगितलंच नव्हतं." ते खरंही असू शकतं आणि तयार केलेलंही. खटला तिच्या हातांनी काय केलं यावर फार कमी चालतो. तिला काम काय सांगितलं होतं, यावर चालतो.

याचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण मलेशियातलं आहे, आणि ते वाचताना मला सारखं आपल्याच कोर्टात बसल्यासारखं वाटत होतं. त्याचं कारण पुढे सांगते.

१३ फेब्रुवारी २०१७. क्वालालंपूरचं दुसरं विमानतळ टर्मिनल, सकाळी नऊच्या सुमारास. उत्तर कोरियाच्या किम जोंग उनचा सावत्र भाऊ किम जोंग नाम, किम चोल नावाच्या पासपोर्टवर, मकावच्या विमानासाठी चेक-इनच्या मशीनपाशी उभा होता. दोन तरुणी आल्या, त्याच्या तोंडाला काहीतरी चोळलं आणि वेगवेगळ्या दिशांना निघून गेल्या. तो चालत मदत मागायला गेला, विमानतळावरच्या दवाखान्यात पोचला आणि हॉस्पिटलला नेताना रुग्णवाहिकेत गेला. चोळलेलं होतं व्हीएक्स, रासायनिक शस्त्र म्हणून जगभर बंदी असलेलं मज्जाविष.

एक इंडोनेशियाची सिती आयशा, क्वालालंपूरमध्ये स्पामध्ये काम करणारी. दुसरी व्हिएतनामची दोआन थी हुओंग, अभिनेत्री व्हायचं स्वप्न असलेली, त्या सकाळी 'एलओएल' छापलेला पांढरा टी-शर्ट घालून आलेली. दोघींचं म्हणणं एकच: आम्हाला लोकांची थट्टा करण्याच्या व्हिडिओसाठी घेतलं होतं. सितीला 'जेम्स' नावाचा माणूस भेटला होता, दोआनला 'मिस्टर वाय'. आधी मॉलमध्ये, हॉटेलांत, विमानतळांवर अनोळखी लोकांच्या तोंडाला तेल-लोशन चोळून पळायचे सराव झाले होते, दर वेळी थोडे पैसे हातात पडले होते. त्या दिवशीही तसंच काहीतरी आहे असं आम्हाला वाटलं, असं त्या म्हणाल्या.

ज्यांनी कामाला लावलं असा आरोप होता, ते चार उत्तर कोरियन त्याच दिवशी मलेशियाबाहेर पडले. जकार्ता, दुबई, व्लादिवोस्तोक असा फेरा मारून प्याँगयाँगला पोचले. दोआन मात्र दोन दिवसांनी त्याच विमानतळावर परत आली आणि पकडली गेली. सिती दुसऱ्या दिवशी एका हॉटेलात सापडली. बचावाचा पहिला मुद्दा इथेच उभा राहतो: बंदी असलेलं विष वापरून खून करणारी बाई दोन दिवसांनी त्याच जागी कशाला येईल?

सरकार पक्षाचा मुद्दा वेगळा होता आणि तो सीसीटीव्हीत होता. चोळून झाल्यावर दोघी घाईने स्वच्छतागृहाकडे गेल्या, हात अंगापासून दूर धरून. पोलीसप्रमुखांनी पहिल्या काही दिवसांतच सांगून टाकलं होतं, की हात धुवायला हवेत हे त्यांना ठाऊक होतं, म्हणजे विष आहे हेही ठाऊक होतं. बचाव म्हणाला, हात तेलकट झाले होते, तेलकट हात कोणीही धुतो. चार-दोन सेकंदांची तीच ती फीत. एका वकिलाला तिच्यात खुनी दिसते, दुसऱ्याला तेलाने वैतागलेली मुलगी. एका बाईच्या डोक्यात काय होतं हे तिच्या कोपरापासून पुढच्या हातांवरून ठरवायचं होतं, आणि त्या वेळी मलेशियात खुनाला फाशी बंधनकारक होती.

आपल्याच कोर्टात बसल्यासारखं वाटण्याचं कारण हे. त्या दोघींवर लागलेली कलमं होती ३०२ आणि ३४. आकडे वाचून दचकायला होतं, कारण ती आपलीच. १८६० ची भारतीय दंड संहिता इंग्रजांनी पुढे मलायातही नेली, आणि क्रमांकसुद्धा तेच राहिले. पुरावा कायदाही आपल्या १८७२ च्या कायद्याच्या साच्यातला. घटनेनंतरची वागणूक पुराव्यात येते ती कलम ८ खाली, तिथेही आणि जुन्या कायद्यात आपल्याकडेही. हात धुणं ही 'वागणूक'. मलेशियातल्या शहा आलमच्या हायकोर्टात जो युक्तिवाद चालला, तो काळा घोड्याच्या सेशन्स कोर्टात एक शब्द न बदलता चालला असता. आपणच आता आकडे बदललेत. १ जुलै २०२४ पासून खुनाची शिक्षा कलम १०३, समान उद्देश ३(५), कट ६१. माझ्या पिढीचे वकील अजूनही '३०२' च म्हणतात आणि मग जीभ चावतात.

खटला २ ऑक्टोबर २०१७ ला सुरू झाला. थोड्याच दिवसांत कोर्टाला रसायन विभागाच्या प्रयोगशाळेत जावं लागलं, कारण मुद्देमालावर व्हीएक्सचा अंश होता आणि तो तपासायचा तर तिथेच जाणं शहाणपणाचं होतं. न्यायाधीश, वकील आणि आरोपी, सगळे मास्क आणि हातमोजे घालून, पिशव्यांतले कपडे बघत उभे. पुढे विमानतळावर स्थळपाहणी झाली तेव्हा दोघींना बुलेटप्रूफ जॅकेटं घातली होती, आणि काही वेळ व्हीलचेअरवर बसवून फिरवलं. जिथे धावत गेल्याचा आरोप, तिथेच व्हीलचेअर. कादंबरीकाराने असं चित्र योजलं असतं, तर संपादकाने 'जरा जास्त होतंय' म्हणून कापलं असतं.

१६ ऑगस्ट २०१८ ला न्यायाधीशांनी प्रथमदर्शनी पुरावा आहे असं ठरवून दोघींना बचाव मांडायला सांगितलं. मग अचानक, ११ मार्च २०१९ ला सरकार पक्षाने सितीवरचा आरोप मागे घेतला. इंडोनेशिया सरकारने त्यासाठी बरीच धावपळ केली होती. तिला मिळाली ती 'निर्दोष' नसलेली सुटका, म्हणजे पुन्हा आरोप ठेवायचा दरवाजा कागदावर उघडा. दोआन मात्र आत राहिली. १ एप्रिलला तिने धोकादायक साधनाने इजा केल्याचा छोटा आरोप कबूल केला. कलम ३२४, तेही आपल्याच क्रमांकाचं. तीन वर्षं चार महिने शिक्षा झाली, अटकेपासून मोजली, सूट मिळाली आणि ३ मे २०१९ ला ती बाहेर पडली. ज्या चौघांनी हे घडवलं असा आरोप होता, त्यांच्यापैकी एकालाही कधी कोर्टात उभं करता आलं नाही. दोघींना खरंच काय माहीत होतं, याचा निकाल कुठल्याच कोर्टाने दिलेला नाही. तुमच्यासारखीला याहून चांगला कच्चा माल मिळणार नाही.

आपला कायदा अशा बाईकडे कसा बघतो? कट सिद्ध करायचा तर सहमती लागते, आणि ती त्याच गुन्ह्याबद्दलची. थट्टेला हो म्हणणारी खुनाला हो म्हणत नाही. तिला निव्वळ हत्यारासारखं वापरलं असेल तर ती सुटते आणि पाठवणारा अडकतो. याचं सुंदर उदाहरण संहितेतच दिलंय. अ म्हणतो, ती वस्तू माझीच आहे, घेऊन ये. ब सद्भावनेने क च्या ताब्यातून ती आणतो. ब चा गुन्हा नाही, अ चा आहे. जुनं कलम १०८, नवं ४६. १८६० साली लिहिलेलं हे उदाहरण म्हणजे अख्ख्या दग्याच्या थ्रिलरचं बीज आहे.

पण थपडांना हो म्हणणारी पूर्ण सुटत नाही. मारहाणीत ती आहेच, आणि मारहाणीतून मृत्यू होऊ शकतो हे तिला कळायला हवं होतं का, यावर पुढची सगळी लढाई. म्हणून माझा आग्रह: तुमच्या नायिकेला सराईत नेमबाज करू नका. किंवा करायचीच असेल, तर तिच्याशीही खोटं बोलायला लावा. 'हा माणूस पोरींना विकतो' असं सांगून तिला पाठवा आणि नंतर कळू दे की तो साक्षीदार होता. कायद्यात याने तिचा गुन्हा तसूभरही कमी होत नाही, खून तो खूनच. वाचकाच्या मनात मात्र सगळंच फिरतं, आणि ते दोन निकाल वेगळे पडतात तिथे तुम्हाला लिहायला भरपूर जागा आहे. चुकीचा माणूस मेला, ही कलाटणी घेणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा: नेम एकावर आणि मेला दुसरा, तरी तो खूनच. जुनं ३०१, आता १०२.

आता सूड.

एकेकाला गाठून मारण्याचा मार्ग तुम्ही निवडलाय. लिहा, खपेलही. पण दर मुडद्यामागे ती देणाऱ्याला आणखी सुरक्षित करते, कारण त्याच्याकडे बोट दाखवू शकणारं एकेक तोंड ती स्वतःच बंद करतेय. देणाऱ्याला याहून काय हवं? त्याला खरी धास्ती एकाच गोष्टीची असते: ती माफीची साक्षीदार झाली तर.

जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३०६, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ३४३. अट एकच, पण जबर. तिला ठाऊक असलेलं सगळं, पूर्ण आणि खरं, स्वतःच्या वाट्यासकट सांगायचं. तिने स्वतःला वाचवायला एखादी गोष्ट गाळली आणि सरकारी वकिलांनी तसं प्रमाणपत्र दिलं, तर माफी जाते आणि त्याच खुनासाठी तिच्यावर खटला चालतो. माफी फक्त किरकोळ आरोपीलाच मिळते हा गैरसमज आहे. २६/११ च्या कटातल्या डेव्हिड हेडलीला अमेरिकेत ३५ वर्षांची शिक्षा झालेली असताना डिसेंबर २०१५ मध्ये मुंबईच्या कोर्टाने माफीचा साक्षीदार केलंच होतं. गोळी झाडणारीला माफी द्यायला सरकार पक्ष नाखूश असतो हे मात्र खरं. देणारा मोठा मासा असेल तरच ते तयार होतात.

बहुतेक वेळा त्याआधी मॅजिस्ट्रेटसमोर कबुली नोंदवतात. आम्ही वकील बाहेर बाकावर. दार बंद. तपास अधिकाऱ्यालाही बाहेर काढलेलं असतं, तो जिन्यापाशी फोनशी चाळा करत उभा. आत मॅजिस्ट्रेट आधी स्वतःची ओळख देतात: मी पोलीस नाही. तुमच्यावर कबुलीची सक्ती नाही. दिलीत तर ती तुमच्याविरुद्ध वापरली जाऊ शकते. कोणी मारलं का? काही कबूल केलं का? मग बहुधा चोवीस तास विचाराला देतात, आणि त्या काळात तिला पोलिसांकडे नाही, तुरुंगात ठेवतात. मुंबईत असेल तर भायखळ्याच्या महिला कारागृहात. ती एक रात्र लिहा. बरॅकमध्ये पन्नास बायका, कोणाचं तरी मूल रडतंय, आणि हिला सकाळी ठरवायचंय की 'मी मारलं' हे शब्द पहिल्यांदा तोंडातून काढायचे की नाही. तुमच्या पाठलागाच्या चाळीस पानांपेक्षा या रात्रीला जास्त पानं द्या.

माफी मिळाली म्हणजे ती मोकळी झाली असंही नाही. आधीच जामिनावर नसेल, तर खटला संपेपर्यंत तिला आतच राहायचं असतं. कधीकधी देणारा, महागड्या वकिलांच्या जोरावर, तिच्याआधी जामिनावर बाहेर असतो. हायकोर्टाने क्वचित अशा साक्षीदाराला सोडलंय, पण त्यावर भरवसा ठेवून कोणी जबाब देत नाही.

मग साक्षीचा दिवस. ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यात, तो आरोपीच्या. पहिल्या बाकावर मेलेल्याची बायको. देणाऱ्याचा वकील उठतो, आणि त्या जागी मी स्वतः अनेकदा उभी राहिलेय म्हणून सांगते, पहिला प्रश्न कधीच कटाबद्दल नसतो. "बाई, गोळी कोणी झाडली?" "मी." "पैसे कोणी घेतले?" "मी." "आणि आज तुम्ही घरी जायच्या तयारीत आहात?" एवढं झालं की दोन मिनिटं थांबायचं, पाणी प्यायचं, न्यायाधीशांना तिच्याकडे बघू द्यायचं.

एवढ्याने देणाऱ्याला शिक्षा होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ च्या सरवणसिंग खटल्यात दुहेरी कसोटी घातलीय: साक्षीदार आधी विश्वासार्ह हवा, आणि मग त्याच्या सांगण्याला महत्त्वाच्या तपशिलात स्वतंत्र दुजोरा हवा. नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३८ मध्ये तर दुजोऱ्याचा शब्द कलमातच आणून बसवलाय. हा दुजोरा 'खून झाला' याला असून भागत नाही, 'देणारा यात होता' याला हवा. म्हणजे तिच्याकडे असं काहीतरी हवं, जे देणाऱ्याला तिच्याशी बांधतं आणि जे पुसायचं त्याच्या लक्षात आलं नाही.

मोबाइलमधलं रेकॉर्डिंग हा लेखकांचा आवडता उपाय. वापरा, पण त्याला प्रमाणपत्र लागतं, जुनं ६५ब, आता कलम ६३. याचा पक्का निकाल जालन्याच्या निवडणुकीवरून लागलाय: अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, २०२०. उमेदवारी अर्ज वेळेनंतर भरले का, हे निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओवरून ठरवायचं होतं, आणि सगळा वाद त्या एका कागदावर येऊन थांबला. तुमच्या देणाऱ्याच्या वकिलालाही तो कागद कुठे आहे, हे विचारायला आवडेल.

बाकी बारीकसारीक. रिव्हॉल्व्हरला सायलेन्सर लावू नका, आवाज चेंबरच्या फटीतून बाहेर पडतोच. पुंगळी जागेवर पडते ती पिस्तुलाची, रिव्हॉल्व्हरची आतच राहते. एका रात्रीत बॅलिस्टिकचा रिपोर्ट देणारी प्रयोगशाळा मी अजून पाहिलेली नाही. नार्को तिच्या संमतीशिवाय होत नाही, २०१० चा सेल्वी निकाल. आणि तुमच्या तिसऱ्या प्रकरणात रात्री दोन वाजता पुरुष इन्स्पेक्टर तिला बेड्या घालून नेतो, ते बदला. सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी घेतलेली परवानगी लागते, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३. हे न पाळलेली अटक मी तुमच्या जागी असते तर मुद्दाम ठेवली असती, आणि चाळीस पानांनंतर तिच्या वकिलाच्या हातात दिली असती.

दुजोऱ्यासाठी मात्र रेकॉर्डिंगपेक्षा साधं काहीतरी निवडा. पहिल्या भेटीला देणाऱ्याने तिला स्वतःच्या गाडीत बसवलं होतं. मॉलचं पार्किंग. मशीनमधून पावती निघाली, त्याच्या हातात फोन होता म्हणून तिने घेतली. त्यावर गाडीचा नंबर, तारीख, वेळ. ती तिने पर्सच्या चेनच्या कप्प्यात सरकवली. तिसऱ्या प्रकरणात एवढं एकच वाक्य लिहा आणि पुढे दोनशे पानं त्या पावतीचं नाव काढू नका.